कॅटामरान की मोनोहल? ताई, आधी हे सांगा, नाव परत कोण आणणार

मोर्शीकडच्या एका ताईंचं पत्र आलंय. पत्र लांबलचक आहे आणि अर्धं तर भांडणाच्या मधातच लिहिलेलं दिसते, म्हणून थोडक्यात सांगतो. ताई झेडपीच्या शाळेत शिक्षिका, घरचा संत्र्याचा बगीचा, शेत अप्पर वर्धाच्या बॅकवॉटरला लागून. मिस्टर नऊ वर्षं मर्चंट नेव्हीत होते, आता घरीच शेती पाहतात. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा नऊचा, सासूबाई सत्तरीच्या. मागच्या दिवाळीत सगळे गोव्याला गेले, तिथं एका मोठ्या कॅटामरानवर दोन तास फिरले, सासूबाईंनी डेकवर मांडी घालून चिवडा खाल्ला आणि कोणालाच मळमळलं नाही, तेव्हापासून मिस्टरांनी एकच धरून ठेवलंय की आपल्या धरणावर शिडाची नाव पाहिजे आणि ती कॅटामरानच पाहिजे. सोळा फुटी सेकंडहँड होबी कॅट पाहूनही ठेवली आहे. धाकटे दीर म्हणतात कॅटामरान, म्हणजे दोन हलची नाव, नको (हल म्हणजे नावेचं पाण्यात बसणारं धड), एका हलची साधी डिंगी, म्हणजे छोटी उघडी नाव घ्या, निम्म्या पैशात येते. ताई लिहितात, "दोघं भाऊ रोज रात्री जेवताना मोबाईलवर व्हिडिओ लावून भांडून राहिले. पैसे माझ्या पगारातून जाणार आहेत. मला पोहता येते, पण विहिरीत शिकलेलं, तेवढंच. पोरांसाठी कोणती बरी ते तुम्हीच सांगा."

ताई, उत्तर आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत वाचणार नाही आणि वाचणार तर आधी मिस्टरच वाचतील. तुमच्या धरणावर, तुमच्या घरासाठी, एका हलची डिंगी घ्या, चांगली रुंद, दणकट. पण दीर म्हणतात त्या कारणासाठी नाही. स्वस्त नाव घेऊन ती गोठ्यात पडून राहिली तर ती सगळ्यात महाग पडते. आणि मिस्टरांचं पूर्ण चुकलं असंही नाही, गोव्याला त्यांनी जे पाहिलं ते खरंच पाहिलं, फक्त ते तिथलं होतं.

आता थोडं सविस्तर. कॅटामरान म्हणजे काही विलायती जादू नाही. आमच्याकडे वैनगंगेवर ढिवर लोकं दोन डोंगे बांबूनं एकमेकांना बांधतात आणि त्यावर मोटारसायकल उभी करून पलीकडच्या गावाला नेतात, एकट्या डोंग्यात तुम्ही मोटारसायकल ठेवून पहा, गाडी आणि तुम्ही दोघंही मासे मोजायला जाल. दोन डोंगे बांधले की बूड रुंद झालं आणि नाव हलायची बंद झाली, हेच कॅटामरान. शब्द तमिळ आहे, कट्टुमरम, म्हणजे बांधलेली लाकडं. कोकणात होडीला बाजूनं एक लाकडी ओंडका लावतात त्याला उलांडी म्हणतात, ती याच घराण्यातली. अमेरिकेत नॅथनेल हेरेशॉफ नावाच्या माणसानं १८७६ साली अशी दोन हलची अमारिलिस नावाची नाव बनवून शर्यतीत उतरवली आणि बाकीच्यांना पार मागं टाकलं, तर हरलेल्यांनी तक्रार केली. म्हणजे तुमच्या जेवणाच्या ताटावरचं भांडण दीडशे वर्षं जुनं आहे, ते तुमच्या घरी मिटेल अशी आशा ठेवू नका.

गोव्यात तुम्ही बसला होता ती नाव चाळीस फुटाची असेल असं तुमच्या वर्णनावरून वाटते. तेवढी कॅटामरान साधारण बावीस फूट रुंद असते आणि वजन दहा टनाच्या आसपास. तिच्यावर सत्तरीची बाई मांडी घालून बसू शकते यात नवल नाही, आपल्या ओसरीपेक्षा ती मोठी आहे. आणि मिस्टर घेऊन राहिले ती होबी सोळा म्हणजे साडेसोळा फूट लांब, आठ फूट रुंद आणि वजन किती, तर एकशे पंचेचाळीस किलो. गोव्याची ती ट्रॅव्हल्सची बस होती आणि ही रेसिंगची बाइक आहे, दोघींना कॅटामरान म्हणतात एवढंच नातं. होबी अल्टर हा कॅलिफोर्नियाचा सर्फबोर्ड बनवणारा माणूस, त्यानं १९७०च्या आसपास ती काढली, तरण्या पोरापोरींनी वाळूवरून ढकलत लाटेत घालायची, एक हल हवेत उचलून पळवायची, भिजायचं, पडायचं, हसायचं. लय मजेची नाव आहे, मी खोटं बोलणार नाही, मधे ताणलेल्या जाळीवर बसलं की बाजेवर बसून उडून राहिल्यासारखं वाटते. पण त्या बाजेवर सासूबाईंना बसवायचा विचार कोणाच्या डोक्यात आला असेल तर त्याला आधी स्वतःला एकदा बसवा.

आता खरा मुद्दा, कलण्याचा. मिस्टर म्हणतात कॅटामरान कलत नाही म्हणून सेफ. इथंच गफलत आहे बाप्पा. कापसानं भरलेली बंडी डोळ्यासमोर आणा. दोन चाकं लांब लांब, रस्त्यानं चालते तर हलत पण नाही, वर झोपून जा खुशाल. पण एक चाक धुऱ्यावर चढलं की काय होते? जोपर्यंत ते चाक जमिनीवर आहे तोपर्यंत बंडीचा सगळा जोर तुमच्या बाजूनं, आणि एकदा ते चाक उचललं गेलं की जोर वाढत नाही, तो कमी कमी होत जातो, आणि मग बैलांना हाक मारायलाही वेळ मिळत नाही. छोट्या कॅटामरानचं अगदी असंच आहे. वाऱ्याकडचा हल पाण्यातून सुटला, म्हणजे दहा-बारा अंश जरी ती कलली, की तिची जास्तीत जास्त ताकद तिथंच संपली. पुढं फक्त उतार. मोनोहल, म्हणजे एका हलची नाव, याच्या उलट आहे, ती जराशा वाऱ्यानंही कलते, बसल्या बसल्या पोटात गोळा येतो, पोरं किंचाळतात, पण ती सांगत असते ना, की वारा वाढला, शिडाचा दोर सोड, वाऱ्याच्या बाजूला सरक. घाबरवते म्हणून ती वाईट वाटते. मला विचाराल तर शिकणाऱ्या घरासाठी घाबरवणारी नावच चांगली, गुपचूप राहणारी नाही.

आणि वाऱ्याचं एक गणित पोरीला करायला सांगा, तेरा वर्षांची आहे, तिला जमेल. वाऱ्याचा वेग दीडपट झाला तर शिडावरचा जोर दीडपट होत नाही, सव्वादोन पट होतो. वेगाचा वर्ग. वेग दुप्पट तर जोर चौपट. म्हणून "थोडासाच तर वाढलाय वारा" हे वाक्य नावेत कोणी बोललं की त्याला किनाऱ्यावर उतरवायचं.

दोन्ही उलटतात, हे आधी कबूल करू. डिंगीच्या बुडात शिसं नसते, तिचा तोल म्हणजे तुम्हीच. शिसं असते ते मोठ्या समुद्री मोनोहलच्या खाली, लाकडी बाहुलीच्या बुडात वजन असते तसं, आडवी केली तरी उभी होते. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली ती म्हादेई, आणि २०१७-१८ मध्ये नेव्हीच्या सहा बायकांनी जिच्यातून पृथ्वीला चक्कर मारली ती तारिणी, दोन्ही गोव्यात बांधलेल्या, छप्पन्न फुटी, एका हलच्या. दक्षिणेकडच्या समुद्रात लाटा डोंगराएवढ्या, तिथं उलटलेली नाव आपोआप सरळ होणं म्हणजेच जीव. कॅटामरान उलटी झाली तर तरंगते, बुडत नाही हे खरं, पण सरळ होत नाही, उलटीच राहते. (दिरांना हा पॅराग्राफ वाचून दाखवू नका, ते आठवडाभर छाती फुगवून फिरतील, आणि त्यांची डिंगी काही म्हादेई नाही.)

तर धरणावर डिंगी उलटली की काय करायचं? खालून जी फळी पाण्यात उतरवलेली असते, सेंटरबोर्ड, ती उलटल्यावर आडवी बाहेर येते, तिच्यावर पाय देऊन उभं रहायचं, कडेला धरून मागं झुकायचं, पंचावन्न-साठ किलोचं माणूस असलं तरी नाव सरळ येते. मग आत चढायचं, बादलीनं पाणी फेकायचं. अर्धा तास जातो, दम लागतो, पण एकट्यानं होते. होबी सोळा सरळ करायला हलवरून टाकलेल्या दोरीला लटकून मागं झुकावं लागते आणि साधारण सव्वाशे-दीडशे किलो वजन लागते. म्हणजे दोन मोठी माणसं. तुमच्या नावेत मोठी माणसं दोन असणार, त्यातलं एक तुम्ही, आणि त्या वेळी तुम्ही पोरांना धरून असाल. सांगा, लटकणार कोण?

माझीच फजिती सांगतो. नेव्हीतून रिटायर होऊन गावी आलो, पवनीकडे, गोसीखुर्दचं बॅकवॉटर घरापासून हाकेवर. एका ओळखीच्याकडून एक छोटी कॅटामरान आठवड्यासाठी आणली, पुतण्याला घेऊन पाण्यात गेलो. मुंबईला असताना वर्षानुवर्षं शीड हाताळलेलं, तर मिशीला पीळ होता. एप्रिलची दुपार, वारा मेल्यासारखा, पाणी कसं आरशासारखं, आणि पश्चिमेकडून पाण्यावर एक काळी रेघ येताना दिसली, म्हणजे वाऱ्याचा झोत. मला दिसली. मी पुतण्याला दाखवली पण. आणि दोर सोडायच्या ऐवजी म्हटलं, पहा आता कशी पळते. पळाली. दोन श्वास पळाली असेल, मग वरचा हल उचलला गेला, मला वाटलं अजून आहे दम, आणि पुढच्या क्षणी आम्ही दोघं पाण्यात आणि शीड पाण्यावर. त्यातही बरं झालं असतं, पण तिथं पाणी पुरुषभर-दीड पुरुष, डोलकाठी खाली गेली आणि सरळ गाळात रुतली. पोकळ अॅल्युमिनियमची काठी, पाणी भरलं, वर गाळानं पकडलेली. आम्ही दोघं मिळून एकशे तीस किलो असू, दोरीला लटकून लटकून हात सोलले, नाव ढिम्म. शेवटी दोन ढिवर बंधू डोंगा घेऊन आले, एकानं पाण्यात बुडी मारून काठीचं टोक मोकळं केलं, दुसरा मला म्हणाला, काका, हे दोन डोंगे बांधले ते ठीक केलं, पण वर हा एवढा मोठा पडदा कायले बांधला?

त्याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

तेव्हापासून मी नावेबद्दल कोणी विचारलं की एकच उलट प्रश्न विचारतो. किती वेगानं जाते, किती माणसं बसतात हे नंतर. समजा नाव चालवणारा माणूसच पाण्यात पडला. डोक्याला बूम, म्हणजे शिडाखालची आडवी काठी, लागला, किंवा पायात दोर अडकला, काहीही. नाव वाऱ्यावर पुढं चालली. त्या नावेत जे उरले, ते नाव वळवून त्या माणसापर्यंत आणू शकतात का? तुमच्या घरात चालवणारे मिस्टर, आणि उरणार तुम्ही, दोन पोरं. म्हणजे प्रश्न तुमचा आहे ताई, दोघा भावांचा नाहीच. ज्या नावेला तुम्ही एकटी परत आणू शकता ती तुमच्या घरची नाव.

होबी इथंही नवख्याला रडवते. तिला सेंटरबोर्ड नाही, हलचा आकारच केळासारखा वाकडा ठेवलाय त्यावर ती धरून चालते, त्यामुळे उथळ पाण्यात मजा, पण वाऱ्याच्या तोंडावरून वळायचं म्हटलं की अर्ध्यात अडकते आणि मागं मागं जायला लागते. पुढचं छोटं शीड उलट्या बाजूला धरून ठेवायचं, वजन मागं न्यायचं, सुकाणू फिरवायचं, अशा युक्त्या आहेत, पण सवयीनं येतात. घाबरलेल्या माणसाला त्या वेळी युक्ती आठवत नाही. डिंगी वळते. सुकाणू ढकललं की वळते, एवढंच तिचं कौतुक.

आता तुमच्या पाण्याबद्दल, कारण इंग्रजी व्हिडिओवाल्या लोकांना अप्पर वर्धा माहीत नाही. ऑक्टोबरात धरण काठोकाठ, नाव बांधाजवळून सोडता येते. मे महिन्यात तेच पाणी दूर गेलेलं, मधात गाळपेर, कोणी टरबूज लावलेलं, कोणी काकडी, आणि त्याच्यापुढं गुडघाभर चिखल. त्यातून नाव ओढून न्यायची. वजन दोन्हीचं सारखंच, दीडशे किलोच्या आत, पण कॅटामरान आठ फूट रुंद आहे आणि तुमच्या शेतात जायला पांधणच असेल ना? दोन्हीकडून बाभळी, मधून एक ट्रॅक्टर जाईल एवढी जागा. दर वेळी ती खोलून न्यायची आणि तिथं जोडायची म्हणजे तासभर, उन्हात. पहिल्या महिन्यात हौसेनं होईल. डिंगी पाच फूट रुंद, दोन चाकाच्या ट्रॉलीवर टाकली की गेली.

पाण्याखाली जुनी झाडं, धरण होण्याआधीच्या विहिरी, धुरे सगळं तिथंच आहे. डिंगी घेताना सेंटरबोर्ड खिळीवर फिरणारा पाहिजे, म्हणजे खोडाला लागला की आपोआप वर होतो. सुरीसारखा सरळ खाली घालायचा बोर्ड असतो तो नको, तो लागला की एकतर बोर्ड मोडतो नाहीतर नाव फाटते. दुसरं, जाळी. धरणात मच्छीमार संस्थेची जाळी लागलेली असतात, थर्माकोलचे तुकडे दिसले की समजायचं. शिडाच्या नावेला घाईनं थांबता येत नाही, सुकाणूत जाळं अडकलं तर तुमचा तास जातो आणि त्यांची कमाई जाते. पहिल्याच दिवशी संस्थेच्या लोकांना भेटा, चहा पाजा, कुठं जाळी लावता ते विचारा. संकटात तुमच्यापर्यंत सगळ्यात आधी तेच पोहोचणार आहेत, माझ्याकडे आले तसे. आणि धरणाच्या ऑफिसची परवानगी तोंडी नाही, लेखी घ्या, कार्यकारी अभियंत्याची. भिंतीच्या आणि दरवाजांच्या बाजूला तर अजिबात जायचं नाही, परवानगी असली तरी.

आणि वायर. हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं. डोलकाठी अॅल्युमिनियमची, होबीची सव्वीस फूट, डिंगीची वीस-बावीस. आपल्याकडे शेतीपंपाच्या लाइनी काठावरून, पाण्यावरून, कुठूनही गेलेल्या, उन्हाळ्यात तर अजून लोंबतात. अमेरिकेत काठी वायरला लागून माणसं गेली आहेत, होबी कंपनीनं पुढं काठीचा वरचा तुकडा फायबरचा केला तो त्याच्यापायी. नाव कोणतीही घ्या, काठी उभी करायची ती आधी वर पाहून, आणि काठी उभी ठेवून नाव शेतातून ओढत न्यायची नाही. हा नियम पोरानं पाठ केला पाहिजे.

वाऱ्याचं तर तुम्हाला मी काय सांगू, मार्च ते जून आपल्याकडे दुपारनंतर वावधान कधी उठेल नेम नाही. सकाळी साडेसहाला पाण्यात जायचं, दहाला बाहेर. ऑक्टोबर ते फेब्रुवारी वारा नरम असतो, शिकायला तोच काळ चांगला, कंटाळा येईल इतका नरम असतो कधी कधी, येऊ द्या कंटाळा. पाण्यावर जागोजागी पांढरा फेस दिसायला लागला की पोरांना घेऊन निघायचं नाही, निघाला असाल तर परत फिरायचं. ढग गरजला तर प्रश्नच नाही, पाण्याच्या मधात सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तुमची काठी.

तुम्ही त्याच भागातल्या, त्यामुळे झुंजची गोष्ट तुम्हाला सांगायला नको. १४ सप्टेंबर २०२१. दशक्रियेला आलेली माणसं, वर्धा नदी, एक नाव, ११ जीव. ती शिडाची नाव नव्हती आणि मी तिची तुलना करत नाहीये. पण लाइफ जॅकेटचा विषय निघाला की घरातलं कोणीतरी म्हणतेच, एवढ्याशा पाण्यात कायले पाहिजे, तर त्यांना तेवढी तारीख सांगा. जॅकेट घेताना आतल्या लेबलवर न्यूटन लिहिलेलं असते ते पहा. ५० वालं हे पट्टीच्या पोहणाऱ्यासाठी, ते फक्त आधार देते. १०० वालं माणसाला शांत पाण्यात तोंड वर करून धरते, तुमच्या घरात सगळ्यांना तेच. पोरांच्या जॅकेटला दोन पायांच्या मधून जाणारा पट्टा पाहिजेच, नाहीतर पोरगं पाण्यात आणि जॅकेट कानाशी. मापाचं घ्या, "पुढच्या वर्षीपर्यंत चालेल" म्हणून मोठं घेऊ नका, युनिफॉर्म नाहीये तो.

मग कोणती डिंगी? एंटरप्राइझ नावाची तेरा फुटी डिंगी भारतात सेलिंग क्लबांत पुष्कळ आहे, जॅक होल्ट या इंग्लंडच्या डिझायनरनं १९५६ साली काढलेली, तिच्या जुन्या मिळतात, सुटे भाग मिळतात. चपळ आहे, पण उलटली की पाणी पुष्कळ भरते, आत हवेच्या टाक्या किंवा पिशव्या धड आहेत का ते तपासून घ्या. त्याच माणसाची त्याच्या आधीची जीपी फोर्टीन, १९४९ची, चौदा फुटाची, नावच जनरल पर्पज, ती जास्त जड, जास्त शांत, दोन मोठे आणि दोन पोरं बसतील अशी. मिळाली तर ती घ्या, डोळे मिटून नाही पण घ्या. लेझर घेऊ नका, ती एकट्याची नाव आहे, कोणी "दोघं बसतात की" म्हणून गळ्यात मारेल. शीड अर्धं गुंडाळून लहान करता येते का, रीफिंग म्हणतात त्याला, हे विचारा. मोठं शीड म्हणजे मोठेपणा नाही. आणि पोराला दोन वर्षांनी हौस टिकली तर त्याला ऑप्टिमिस्ट घेऊन द्या, पावणेआठ फुटाची चौकोनी पेटी, पस्तीस किलोची, १९४७ पासून जगातली पोरं तिच्यातच शिकून राहिली.

सेकंडहँड पाहायला जाल तेव्हा मिस्टरांना गप्पा मारू द्या आणि तुम्ही एक रुपयाचं नाणं घेऊन सगळ्या अंगावर टकटक करत फिरा. ठणठणीत आवाज आला तर ठीक, मधेच बदबद आवाज आला तर तिथं आतून फायबर सुटलंय. टरबूज घेता तसंच. डेकवर उभं राहून पाय दाबा, नरम लागलं तर पुढं जायचं नाही. काठी धरून ठेवणाऱ्या वायरी हातानं नाही, फडक्यानं पुसत जायच्या, फडकं जिथं अडकलं तिथं तार तुटलेली. घरी आणल्यावर तिला पत्र्याखाली नाही, कडुलिंबाखाली, पालथी, ताडपत्री टाकून ठेवा, आपलं मे महिन्याचं ऊन शिडाच्या कापडाला दोन वर्षांत पापड करते. शीड घरात, लोखंडी पेटीत. माझं पहिलं शीड उंदरांनी नेलं, दुसरं वानरांनी, दोघांचीही तक्रार कुठं करता येत नाही.

मिस्टरांना मात्र नाराज करू नका. समुद्रावर आठवडाभर कुटुंबासोबत राहायचं असलं, स्किपरसकट भाड्यानं घेऊन, तर ते म्हणतात ती कॅटामरानच चांगली. स्वयंपाक सपाट ओट्यावर होतो, सासूबाईंना रात्री भिंतीवर झोपल्यासारखं होत नाही, बूड पाण्यात कमी जाते म्हणून उथळ खाडीत शिरता येते, दोन इंजिनं लांब लांब म्हणून जागच्या जागी फिरते. लाटा समोरून आल्या तर दोन हलच्या मधे खालून धडाधड आपटतात, जास्त सामान भरलं की तिची चालच मरते, बंदरात दोन नावांची जागा खाते, पण ते सगळं त्या नावेच्या मालकाचं दुखणं. तुम्ही चिवडा न्या. आणि मुलगी सोळा-सतराची झाली, तिला आणि बापाला दोघांना ओलं होऊन पळायची हौस असली, तर तेव्हा होबी आणा. तोवर डिंगी विकली जाणार नाही एवढी तुमची लाडकी झालेली असेल, हे मी आत्ताच लिहून ठेवतो.

एक अवघड गोष्ट राहिली. मिस्टर नऊ वर्षं जहाजावर होते हे खरं, पण इंजिनवाल्या जहाजावर. शीड हे वेगळं जनावर आहे, ट्रॅक्टर चालवणाऱ्याला बैल येतातच असं नाही. तुमच्याकडून मुलताई-बैतूलवरून भोपाळ फार लांब नाही, तिथल्या बड्या तलावावर सेलिंग शिकवतात, हैदराबादला हुसेनसागरवरही क्लब आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही दोघांनी जायचं. दोघांनी, हे त्यांना दोनदा सांगा. "मी शिकून येतो, मग तुला शिकवतो" हे मान्य करू नका, नवऱ्यानं बायकोला स्कूटी शिकवल्याचा अनुभव तुमच्याकडे असेलच.

शिकून आल्यावर, नाव आली की, पोरांना घ्यायच्या आधी एक काम. रिकामी पाच लिटरची तेलाची कॅन घ्या, अर्धी पाण्यानं भरा, झाकण घट्ट लावा, जॅकेटला बांधा. वारा नरम असताना तुम्ही सुकाणूवर बसा, मिस्टर समोर हाताची घडी घालून. मधल्या पाण्यात ती कॅन फेका आणि नाव वळवून, शीड ढिलं करून, तिच्याजवळ थांबवून हातानं उचलून घ्या. असं पाच वेळा सलग जमलं की पोरांना बसवा. मधात मिस्टरांनी तोंड उघडलं, "दोर ओढ", "अगं इकडून" असं काहीही बोलले, तर ती खेप धरायची नाही, पुन्हा एकपासून मोजायचं.